आक्षेपाचे दोन रुपये : सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हे पत्र नेत्यांना नाही, प्रवक्त्यांना नाही, चॅनेलवाल्यांना तर नाहीच नाही. मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचच्या आत, सही केलेला नमुना १०, म्हणजे उमेदवाराने दिलेलं एजंटाचं नेमणूकपत्र, खिशात घालून शाळेच्या वर्गात येऊन बसता ना, ते तुम्ही. कमळवाले, पंजावाले, धनुष्यबाणवाले, मशालवाले, घड्याळवाले, तुतारीवाले, इंजिनवाले, हत्तीवाले आणि कुणा अपक्षासाठी बसलेला तो एकटा बिचारा सुद्धा. मी तुमच्या समोरच्या टेबलावर असायचो. जिल्हा परिषदेचा मास्तर, आधी मतदान अधिकारी, मग बरीच वर्षं केंद्राध्यक्ष. आता रिटायर झालोय म्हणून हे लिहितोय, नोकरीत असताना राजकारणावर एक ओळ टाकायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं, कारण रिटायर झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी जे दिवे लावले ते पुढे येईलच.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण एवढंच की राजकारणातली विरोधी माणसं बारा-तेरा तास शेजारी शेजारी बसून एकच काम करताना मी फक्त तुम्हालाच बघितलंय. विधानसभेत म्हणाल तर तिथे सभात्याग करता येतो. तुम्हाला येत नाही. सभात्याग केलात तर तुमच्याच उमेदवाराचं नुकसान.

आठवा पहाटेचं मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं खोटं मतदान. मतदान सातला, त्याच्या दीड तास आधी आपण मशीन लावायचो, तुमच्यातला एखादा अजून डोळे चोळत असायचा, दुसरा चहाचं विचारत असायचा. कमीत कमी ५० मतं टाकून बघायची, प्रत्येकाने कुठलं बटण दाबलं ते लिहून ठेवायचं, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. आकडा जुळला की व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून, त्यांच्या पाठीवर शिक्का मारून, काळ्या पाकिटात घालून सील. आणि या सगळ्याला तुमच्या सह्या. मी नवीन होतो तेव्हा मला ह्या सह्या म्हणजे नुसता कागदी छळ वाटायचा, किती सह्या, किती पाकिटं, पेन संपायचे. पुढे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की ह्या कागदाला जी काही किंमत आहे ती तुम्ही एकमेकांच्या विरोधात आहात म्हणून आहे. एकाच पक्षाचे सहा जण बसवून सह्या घेतल्या असत्या तर तो कागद रद्दीत गेला असता. तुमची सही खरी आहे हे तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा, तुम्हाला पाडायला आलेला माणूस सिद्ध करतो. तो उठून गेला तर तुमच्या सहीतला अर्धा जीव जातो. म्हणून तर नियमात आहे की मॉक पोलला किमान दोन उमेदवारांचे एजंट हवेत, आले नाहीत तर थोडा वेळ थांबा.

आणि हो, मोबाईल. केंद्रात तुम्हाला मोबाईल चालत नाही. बारा तास फोन नाही आणि शेजारी विरोधक. ह्या दोन गोष्टी एकत्र घडायला आज माणसाला आजारी पडून जनरल वॉर्डात ॲडमिट व्हावं लागतं.

एका लोकसभेची गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला एक म्हातारी आली, कार्डावर नाव एक, यादीत दुसरंच, फोटो असा की त्यात कुणीही असू शकेल. मतदान अधिकारी क्रमांक एक अडकला, माझ्याकडे बघायला लागला. म्हातारी रडकुंडीला. मी एजंटांकडे बघितलं, कारण तुम्हाला बसवतात ते त्याचसाठी, शक्यतो त्याच भागातला मतदार असावा असा नियम आहे तो माणसं ओळखता यावीत म्हणून. ती ज्यांच्या घरातली, ते घर कुठल्या पक्षाचं हे अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि त्या पक्षाचा एजंट नेमका जेवायला गेलेला, बदली माणूस अजून आलेला नव्हता. तर समोरच्या पक्षाचा जो होता, चाळिशीचा, दिवसभर माझ्याशी दोनदा हुज्जत घातलेला, तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "सर, त्यांच्या घरातली पाचही मतं पलीकडं जातात. पण बाई खरी आहे. जाऊ द्या."

पाचही मतं पलीकडं जातात, पण बाई खरी आहे. मी हे वाक्य त्या रात्री साहित्य जमा करायच्या रांगेत उभा असताना मनात घोळवत होतो आणि आजही घोळवतो. त्याला गप्प बसायची पूर्ण मुभा होती. तो गप्प बसला असता तर पुरावा मागण्यात, चौकशीत वेळ गेला असता, म्हातारी कंटाळून कदाचित घरी गेली असती, एक मत कमी. कुणालाही कळलं नसतं.

आता आक्षेपाचं. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, जुन्यांना पाठ आहे. आलेला मतदार तो नाहीच, दुसराच कुणी त्याच्या नावावर आलाय असं एजंटाला वाटलं तर तो आक्षेप घेऊ शकतो. पण त्याला दोन रुपये भरावे लागतात. रोख. केंद्राध्यक्ष पावती देतो, यादीत नोंद करतो, मग चौकशी. आणि चौकशीत पुरावा आधी कुणी द्यायचा? आक्षेप घेणाऱ्याने. मतदाराला चोर समजून सुरुवात करायची नाही. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार मत देतो, आणि उगाच त्रास द्यायला किंवा मनात खोट ठेवून आक्षेप घेतलाय असं दिसलं तर ते दोन रुपये सरकारजमा. १९६१ च्या नियमांतले दोन रुपये आहेत हे, रक्कम हास्यास्पद झालीय, पण गंमत बघा, माझ्या सगळ्या नोकरीत ती पावती मी फक्त दोनदा फाडली. दिवसभर कुजबुज चालू असायची, "हा तो नव्हे", "हिचं लग्न होऊन गेलंय", पण मी पावतीपुस्तक टेबलावर ठेवून "भरताय का दोन रुपये?" म्हटलं की दहातले नऊ जण, "राहू द्या सर, खात्री नाही." दोन रुपयांना कोण घाबरतंय, पण आपल्या नावाने पावती फाटणार, नोंद राहणार, आणि समोर ज्याच्याविषयी बोलतोय तो माणूस उभा, ह्या तीन गोष्टींनी जीभ आपोआप जागेवर यायची.

आता ग्रुपवरचं बघा. "हा विकला गेलाय", "ह्यांना पाकीट पोचलं", "हे देशद्रोही", "हे अंधभक्त", "हे गुलाम". पावती नाही, नोंद नाही, माणूस समोर नाही. आणि लिहिणारे कोण, तर बऱ्याच वेळा तुम्हीच, जे बूथवर खात्री नाही म्हणून गप्प बसता.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नका. रिटायर झालो, फोनवर वेळच वेळ, गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, कुठल्या तरी सभेत एका नेत्याने शेतकऱ्यांना शिवी दिल्याचा. मला तो नेता पहिल्यापासून आवडत नाही (बघा, तीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं), मी तो चार ग्रुपवर टाकला, वर दोन ओळी स्वतःच्या जोडल्या, चांगल्या अलंकारिक, मास्तर आहे शेवटी. तासाभरात माझाच एक जुना विद्यार्थी, त्या नेत्याच्या पक्षाचा बूथवरचा माणूस, त्याने पूर्ण व्हिडिओ टाकला. नेता दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं सांगत होता, मधलं तेवढंच कापलं होतं. पोराने लिहिलं पण कसं, "सर, पूर्ण बघा एकदा, नंतर बोलू." एवढंच. शिवी नाही, हसणारी इमोजी नाही. आणि मी काय केलं? "तुमच्या पक्षाचा इतिहास आम्हाला शिकवू नकोस" असं लिहून ग्रुप सोडला. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांकडून दोन रुपये मागितले त्याने स्वतःची वेळ आली तेव्हा पावती न घेता पळ काढला. बायकोने संध्याकाळी विचारलं काय झालं, मी म्हटलं नेटवर्क नाही.

तुमच्या दुनियेतली गुंतागुंत गेल्या काही वर्षांत किती वाढली हेही मी बघितलंय. २०२४ च्या विधानसभेला, २० नोव्हेंबरला, माझ्या केंद्रात दोघं चुलतभाऊ होते, एक धनुष्यबाणाचा, एक मशालीचा. त्यांनीच सांगितलं की २०१९ ला दोघं एकाच उमेदवाराचे होते, एक एजंट, दुसरा त्याला जेवायला सोडणारा, खुर्ची एकच, आलटून पालटून. जून २०२२ ला वर शिवसेना फुटली, फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि चिन्ह कुणाचं ते ठरवलं, आणि ह्यांची खुर्ची दोन झाली. घड्याळवाल्यांचं तसंच, जुलै २०२३ आणि मग फेब्रुवारी २०२४. मुंबईतल्या त्या भांडणात ह्या दोघांना कुणी काही विचारलं नव्हतं, पण घरातलं बोलणं मात्र ह्यांचं बंद. पोराच्या बारशाला सुद्धा गेलो नाही, एक म्हणाला. केंद्रात मात्र दोघंही मतदारांच्या नावावर खुणा करत होते आणि एकाचं चुकलं की दुसरा न बघता म्हणायचा, "तीनशे बारा नाही, तेरा." दिवसभरात त्यांचं बोलणं झालं ते एवढंच, आकड्यांचं. पण झालं.

त्याच दिवसाचा एक वाद तुमच्या चांगलाच लक्षात असेल. संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के असं आलं आणि शेवटचा आकडा आला ६६.०५. मग जे पेटलं ते पेटलं. एका बाजूचे म्हणायला लागले मतं घुसवली, दुसऱ्या बाजूचे म्हणायला लागले हरलेल्यांचं रडगाणं. प्रश्न विचारणं चूक नव्हतं हां, आकडा एवढा हलला की माणूस विचारणारच, विचारायलाच पाहिजे. मला त्रास ह्याचा झाला की बोलणाऱ्यांत केंद्रात बसलेलं फारसं कुणी नव्हतं. पाचचा आकडा म्हणजे आम्ही फोनवरून, ॲपवरून कळवलेला अंदाज, तोही रांग सांभाळता सांभाळता. सहाला जे रांगेत असतात त्यांना मागच्या टोकापासून चिठ्ठ्या वाटत यायच्या आणि मग रात्री किती का वाजेनात, त्यांचं मतदान घ्यायचं. आणि पक्का आकडा तो १७ सी वर, म्हणजे केंद्रात पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यावर, त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाच्या हातात. राज्यात एक लाखाच्या वर केंद्रं होती. म्हणजे लाखो खिशांत ते कागद होते, दोन्ही बाजूंच्या. एका गावातले दोन विरोधी एजंट पारावर बसून आपापल्या प्रती शेजारी ठेवून म्हणाले असते की आपल्या केंद्राचं बघू, जुळतंय का, तर गावापुरता तरी वाद अर्ध्या तासात कुठल्यातरी काठाला लागला असता. जुळलं नसतं तर तक्रार दोघांच्या सहीने गेली असती आणि मग बघा तिला काय वजन आलं असतं. पण कुणी प्रती काढल्या नाहीत. सगळ्यांनी फोन काढले.

आता कुणीतरी म्हणणार, गुरुजी, पूर्वी असं नव्हतं, पूर्वीचे नेते कसे सुसंस्कृत होते. हे मला पटत नाही, सरळच सांगतो. १९०७ ला सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांची जुंपली तेव्हा मंडपात खुर्च्या आणि काठ्या चालल्या, आणि आपल्या मराठी बनावटीचा एक जोडा भिरभिरत जाऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फेरोजशहा मेहता ह्या दोघांना लागला. एका जोड्यात दोघं! तेव्हा फोन नव्हता म्हणून, नाहीतर त्या जोड्याचे काय काय मीम झाले असते. पण पुढचं पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९१५ ला गोखले गेले, तेव्हा टिळकांनी स्मशानात उभं राहून त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं आणि जमलेल्यांना सांगितलं ह्यांच्याकडे बघा, ह्यांच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा. ह्याच दोघांत किती वर्षं काय काय लिहिलं-बोललं गेलं होतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. टिळकांनी मतं बदलली नव्हती, मवाळ झाले नव्हते. पाचही मतं पलीकडंच जात होती. पण बाई खरी आहे, हे ते म्हणाले. फक्त म्हणायला माणूस जाईपर्यंत वेळ लागला, आणि आपल्याकडे अजून तीच पद्धत चालू आहे, जिवंतपणी शिव्या आणि श्रद्धांजलीत "दिलदार विरोधक".

दुसरा आक्षेप येणार तो जास्त वजनाचा आहे. बूथवर सगळं गोडगोड असतं का? नसतं. मी दमदाटी बघितलीय, खिडकीबाहेरून खुणा करणारे बघितलेत, आदल्या रात्री काय वाटलं जातं ते झोपायला शाळेत आलेल्या आम्हालाही ऐकू यायचं. एका केंद्रावर तर मला पोलीस बोलवावे लागले. आणि काही भांडणं अशी आहेत की ती गोड बोलून मिटणारी नाहीत, मिटवूही नयेत. कुणाच्या जमिनीचा, जातीवरून झालेल्या अपमानाचा, मारहाणीचा प्रश्न असेल तर तिथे "सगळ्यांनी सामंजस्याने घ्या" म्हणणारा माणूस बऱ्याच वेळा जो वरचढ आहे त्याच्या सोयीचं बोलत असतो. म्हणून मी तुम्हाला गोड बोला असं म्हणतच नाहीये. चांगला एजंट गोड नसतोच, तो अत्यंत संशयी असतो, मशीनचा नंबर दोनदा वाचतो, सीलचा नंबर लिहून घेतो, माझ्यासारख्या केंद्राध्यक्षावर सुद्धा नजर ठेवतो. ठेवाच. फक्त तो संशय टेबलावर मांडतो, पुरावा देतो, नसेल तर गप्प बसतो, आणि समोरच्याचं खरं असेल तर खरं म्हणतो. बूथवर तुम्हाला हे सगळं येतं. शिबिर घ्यायची गरज नाही. पाच वर्षांतून लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत समिती धरून तीन-चार दिवस करता, उरलेले दिवस का नाही करत, एवढाच माझा प्रश्न आहे.

ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्ह पण नसतं. पॅनेल असतात, पॅनेलच्या मागे कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण कागदावर तरी नसतं. आणि ग्रामसभा असते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, निदान ह्या तारखांना. तिथे तुमच्यातले किती जण येतात आणि आलात तर कसे बसता, तर हे लोक ह्या भिंतीला, ते लोक त्या भिंतीला. मतदानाच्या दिवशी मी खुर्च्या लावायचो तेव्हा क्रम ठरलेला असायचा, आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, मग बाकीचे, शेवटी अपक्ष, तुम्हाला कुणी विचारायचं नाही की कुणाशेजारी बसायचंय. बसायचात मुकाट. ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला की एकदा तसं बसून बघा.

आणि ग्रुपवर आपल्याच बाजूचं खोटं फॉरवर्ड आलं तर त्याला "पूर्ण बघा" म्हणायचं काम तुमचं आहे, समोरच्याचं नाही. समोरच्याने सांगितलं की ते कुणी ऐकत नाही, मी ऐकलं नाही ते वर सांगितलंच. माझ्या बाजूच्या एकाने जरी म्हटलं असतं की मास्तर, हा व्हिडिओ कापलेला आहे, तर कदाचित मी शरमेने का होईना डिलीट केला असता. पण माझ्या बाजूच्या सगळ्यांनी अंगठे दिले, एकवीस अंगठे, मी मोजले होते. त्यातले निदान चार जण एजंट म्हणून बसणारे, मॉक पोलचं एक मत चुकलं तरी मशीन पुन्हा क्लिअर करायला लावणारे. त्यांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला नसेल असं मला वाटत नाही.

तो ग्रुप अजून चालू आहे. ॲडमिन तोच माझा विद्यार्थी आहे हे मला ग्रुप सोडल्यावर कळलं. उद्या सकाळी त्याला मेसेज करणार आहे, परत घे म्हणून, आणि घेतलं तर पहिली पोस्ट त्या व्हिडिओची, पूर्ण, माझ्या त्या दोन अलंकारिक ओळी परत घेऊन. त्याचा नेता मला अजूनही आवडत नाही, तेही लिहीन. दोन रुपये यूपीआयने पाठवावेत का असा पण एक विचार आहे, पण पोरगं म्हणेल गुरुजींना काय झालं.

तुमचा,
समोरच्या टेबलावरचा एक निवृत्त मास्तर